हसनाबादच्या रांगेतला पहिला

“एकतीस,” हसनाबाद केंद्रावरचा बद्रीनाथ फोनवर म्हणाला. “दोनदा मोजले ताई. एकतीसच पाठवून राह्यलो.”

“माझ्याकडे बत्तीस आलेत.”

“मंग तुमच्या सर्व्हरनं एखादा सोताच्या मनानं धरला आसंल.”

सर्व्हरला मन नसतं, हे शरयू सेलूकरने एरवी त्याला चांगलं सुनावलं असतं. बावीस वर्षं ती या एका गोष्टीवरून लोकांशी वाद घालत आली होती. पण आजचा सलग तिसरा दिवस होता. तिच्यासमोरच्या पडद्यावर हसनाबाद केंद्राच्या बत्तीस मागण्या एकीखाली एक उभ्या होत्या. खालच्या एकतीस मागण्यांपुढे ‘तयार’ असं लिहून आलं होतं. सगळ्यात वरच्या मागणीपुढे ‘प्रतीक्षा’. दुपारचे बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. कालही एवढेच वाजले होते, आणि परवाही.

जालन्यात मस्तगडला ही लॅब आहे. खालच्या मजल्यावर रक्त घेतात, मधल्या मजल्यावर ते तपासतात आणि वरच्या एका खोलीत सर्व्हर आणि शरयू असतात. तीन महिन्यांच्या रजेच्या जागेवर म्हणून ती आली होती, ती तिथेच राहिली. आता एक्कावन्नची झाली. पुण्याचा भाऊ दर दिवाळीला ‘आता पुरे कर’ म्हणतो आणि ती दर दिवाळीला ‘बघते’ म्हणते. खोलीत बारा महिने एसी चालू असतो, म्हणून वैशाखातही तिच्या अंगावर एक जुनी शाल असते. खालच्या मुली तिला पाठीमागे ‘काश्मीर’ म्हणतात. तिला ते माहीत आहे आणि तिची त्याला हरकत नाही.

लॅबची अकरा गावांत केंद्रं आहेत, कुंभार पिंपळगावपासून हसनाबादपर्यंत. सकाळी गावांतून रक्ताच्या बाटल्या थंड पेटीतून जालन्याला येतात आणि दुपारी रिपोर्ट नेटवरून परत गावाला जातात. तिथे ते छापून माणसाच्या हातात पडतात. आता खेड्यातलं नेट म्हणजे घाईतला पाहुणा. आलंय तोवर सगळी कामं उरकून घ्यायची. म्हणून केंद्रातला कम्प्युटर लाइन लागली की एका दमात सगळ्या मागण्या पाठवून मोकळा होतो. या नंबरचा रिपोर्ट द्या, त्या नंबरचा द्या, पुढच्याचा द्या. पहिल्याचं उत्तर येईपर्यंत तो दुसऱ्यासाठी खोळंबत नाही.

इकडे सर्व्हरही मागण्या एकेक करून घेत बसत नाही. तो सगळ्या एकदम हातात घेतो आणि प्रत्येकीमागे आपला एक वेगळा गडी सोडतो. कुणाचं काम पटकन होतं, कुणाचं रेंगाळतं. मात्र उत्तरं परत जातात ती एकामागे एक, ज्या क्रमाने विचारली त्याच क्रमाने. कारण त्या लाइनवरच्या उत्तरावर नाव नसतं. पलीकडचा कम्प्युटर पहिलं आलेलं उत्तर पहिल्या नावाला लावतो, दुसरं दुसऱ्याला. क्रम हीच काय ती ओळख. त्यामुळे पहिल्याचं उत्तर अडलं, तर मागचे तीस तयार असले तरी हात बांधून उभे राहतात. “काम सगळ्यांचं एकदम, निकाल मात्र रांगेनं,” असं शरयू प्रत्येक नव्या मुलीला सांगते. हा सगळा प्रोग्राम तिने एकटीने लिहिला होता. आयुष्यात ज्याचा अभिमान वाटावा असं तिच्याजवळ फार नव्हतं. हे मात्र होतं.

“लाइन तोडून बघू का?” बद्रीनाथने विचारलं.

“तोडा.”

लाइन तुटली. पडदा रिकामा झाला. तिने मनात वीसपर्यंत मोजलं. लाइन पुन्हा लागली आणि मागण्या भराभर खाली उतरल्या. बत्तीस. पुन्हा सगळ्यात वर तीच.

“तो जुना कम्प्युटर कुठे जोडून ठेवला नाही ना तुम्ही?”

“त्यो तर भंगारात गेल्ता ताई, दोन वर्सं झाले. म्याच उचलून दिल्ता गाड्यावर. हा बिलकुल नवा हाये.”

शरयूने फोन ठेवला. खिडकीबाहेर मस्तगडची दुकानं उन्हाने अर्धी शटरं ओढून बसली होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. खोलीत पंख्यांची एकसुरी घरघर तेवढी चालू होती. तिला उगाच वाटलं, की बाहेरच्या बाकावर कुणीतरी येऊन बसलंय, काही बोलत नाही आणि उठूनही जात नाही. तिने दार उघडून पाहिलं. बाक रिकामा होता. दार लावून घेतलं तरी ते वाटणं काही गेलं नाही.

त्या वरच्या मागणीचा नंबर तिने परवाच वाचला होता. आजकालच्या नंबरांच्या आधी वर्ष असतं. याच्या आधी नव्हतं. ह-४११. जुन्या पद्धतीचा नंबर.

तो कुणाचा, हे तिला रजिस्टर उघडून बघावं लागलं नाही.

जिन्यावर पावलं वाजली आणि लॅबचे डॉक्टर स्वानंद वर आले. माणूस चांगला, पण कायम घाईत. बसतानाही अर्धा उभा.

“शरयूताई, हसनाबादहून तिसरा फोन आला. लोक खोळंबलेत तिथे. ती आकांक्षा म्हणून आठव्या महिन्याची गरोदर मुलगी आहे ना, तापाची, तिचं मी तिच्या नवऱ्याला फोनवर सांगितलंय. प्लेटलेट्स ठीक आहेत. पण सगळ्यांना मी फोन करत बसू का?”

“एक मागणी जास्तीची आहे, डॉक्टर. सगळ्यात पुढे.”

“काढून टाका ना मग.”

“तिकडच्या मशीनने ती खरंच विचारली असेल आणि मी उत्तर न देता काढली, तर मागचा प्रत्येक कागद एक घर वर सरकेल. याचा त्याला, त्याचा पुढच्याला. आणि त्यांनी विचारलीच नसेल आणि मी उत्तर दिलं, तर सगळे एक घर खाली जातील.”

डॉक्टरांनी कपाळ चोळलं. व्हॉट्सअॅपवर रिपोर्ट पाठवायची सोय त्यांनी स्वतःच बंद केली होती. एका गावात एका मुलीचा रिपोर्ट पारावर फिरला तेव्हापासून. तो नियम आता मोडावा का, याचा ते विचार करत असावेत.

“काल काय केलंत?”

“चार वेळा लाइन तोडली. पाचव्यांदा जोडली तेव्हा ती मागणी आली नाही, आणि बाकीचे सगळे गेले.”

“मग आजही तोडा. तीन वाजेपर्यंत बघा, नाहीतर गाडीने कागद पाठवू.” जिन्याशी जाऊन ते वळले. “आहे कुणाची ती मागणी?”

“जुना नंबर आहे,” शरयू म्हणाली. हे खोटं नव्हतं. अशी खोटी नसलेली उत्तरं देण्यात सात वर्षांत तिचा हात चांगला बसला होता.

सात वर्षांपूर्वीच्या पोळ्यानंतरची गोष्ट. डेंग्यूची साथ होती आणि रिपोर्ट तुंबत होते. डॉक्टर ओरडले होते, की तयार झालेला रिपोर्ट दुसऱ्या कुणासाठी का अडकून पडतो? जो झाला तो जाऊ द्या. शरयूने एका सकाळी आपल्याच प्रोग्राममधला रांगेचा नियम काढून टाकला. ज्याचं आधी होईल ते आधी जाईल. इथल्या इथे करून बघितलं तेव्हा सगळं सुरळीत झालं, कारण इथली मशीनं जवळ, जलद, आणि उत्तरं योगायोगाने क्रमानेच येत होती. दुपारी हसनाबादची लाइन लागली. पहिली मागणी रखमाजी साबळे या माणसाची होती. त्याच्या किडनीची तपासणी वर पुन्हा करायला घेतली होती, म्हणून ती रेंगाळली. दुसऱ्याचं उत्तर आधी तयार झालं आणि पुढे निघून गेलं. पलीकडच्या मशीनने ते पहिल्या नावाला लावलं. सगळं काही ठीक असल्याचा एका धडधाकट माणसाचा कागद रखमाजीच्या नावाने छापला गेला.

घोटाळा शरयूच्या तेव्हाच्या तेव्हा लक्षात आला होता. तिने घाबरून लाइन तोडली, नियम परत लिहिला आणि लाइन जोडून दिली. पलीकडच्या मशीनने आपल्या हिशेबाने एक उत्तर मिळालंय असं धरलं आणि दुसऱ्यापासून पुढे सगळं पुन्हा विचारलं. ते सगळं बरोबर गेलं. बद्रीनाथने सगळे कागद बरोबर असल्याचं सांगितलं, पहिला कागद त्याआधीच छापून गेलाय हे तिच्या ध्यानात आलं नाही, आणि ती सुटल्यासारखी घरी गेली. पहिल्याचं खरं उत्तर नंतर तयार झालं, तेव्हा ते मागायला कुणी उरलं नव्हतं.

तीन महिन्यांनी बद्रीनाथ दुसऱ्याच कामाच्या फोनवर सहज म्हणाला, की आमच्या गावातला रखमाजी गेला, किडन्या गेल्या म्हणे. शरयूने त्या दिवसाची नोंद उघडून पाहिली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. डॉक्टरांना सांगायला ती दोनदा जिना उतरली आणि दोनदा मधल्या मजल्यावरून परत आली. माणूस गेला, आता सांगून काय होणार, असं तिने स्वतःला समजावलं. तो रिपोर्ट पुसून टाकायला तिचा हात धजला नाही आणि जागेवर ठेवायलाही धजला नाही. तिने तो उचलून एका बिननावाच्या फोल्डरमध्ये ठेवून दिला.

म्हणून तर आज सर्व्हरचा गडी अडला होता. रजिस्टरमध्ये ‘रक्त मिळालं’ असं लिहिलेलं, आणि रिपोर्ट जागेवर नाही. अशा वेळी थांबायचं, हे तिनेच त्याला शिकवलं होतं. तो इमानदारीने थांबला होता.

रखमाजीच्या बायकोला, झुंबरबाईला, पुढे बद्रीनाथने केंद्रात झाडलोटीला ठेवून घेतलं. हेही त्यानेच सांगितलं होतं, जरा कौतुकाच्या अपेक्षेने. त्यानंतर कधीमधी फोन तीच उचलायची. “ताई, बद्रीभाऊ भाईर गेलेत,” एवढंच ती बोलायची, आणि शरयू काही न बोलता फोन ठेवून द्यायची. डॉक्टरांच्या ओरडण्याला न घाबरणारी ही बाई त्या आवाजाला घाबरत होती.

तिने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. लाइन तोडता आली असती. पाचव्यांदा, सहाव्यांदा, कधीतरी ती मागणी आली नसती. मग उद्या बारा चाळीसला पुन्हा आली असती. या विचाराची भीती वाटायला हवी होती, पण वाटला तो थकवा. सात वर्षं दार लावून बसल्याचा तो थकवा होता, आणि तो खरोखरच फार होता.

तिने बद्रीनाथला फोन लावला.

“आता कागद निघतील. एकही कुणाच्या हातात देऊ नका. मी येते आणि यादीला लावून बघते, मगच वाटायचे.”

“तुम्ही येता? इथं?” बद्रीनाथ चाट पडला. ताई हसनाबादला कधी आलीच नव्हती.

“येते. लोकांना सांगा, दीड-दोन तास लागतील.”

मग तिने बिननावाचं फोल्डर उघडलं आणि रखमाजी साबळेचा रिपोर्ट त्याच्या जागेवर ठेवला. गडी जणू दाराशीच उभा होता. ‘प्रतीक्षा’ जाऊन ‘तयार’ आलं आणि पुढच्याच क्षणी सगळी रांग हलली. एक गेला, त्यामागे दुसरा, तिसरा. डोळ्याचं पातं लवेपर्यंत पडदा रिकामा झाला. तिने नोंद उघडून पाहिली. हसनाबादहून आलेल्या मागण्या, एकतीस. पाठवलेली उत्तरं, बत्तीस. तिने डोळे पुसून पुन्हा वाचलं. तेवढंच होतं.

म्हणजे त्या मशीनने विचारलं नव्हतं. मग एकतीसच्या एकतीस कागद आता चुकले असणार. आकांक्षाच्या नावावर एका मेलेल्या माणसाच्या किडन्या, आणि पुढे सगळं तसंच. तिने एकतीस जणांची यादी छापली, शाल खुर्चीवर टाकली आणि बसस्टँडला धाव घेतली.

एस.टी.त तिला खिडकी मिळाली, पण बाहेर बघवत नव्हतं. उन्हाने पांढरी पडलेली रानं मागे जात होती. आपण चुकीच्या भीतीने चुकाच उरावर घेत आलो, तेव्हाही आणि आताही, असं तिला वाटत राहिलं. काय बोलायचं ते तिने तीन-चार वेळा जुळवलं. दरवेळी वाक्य ‘त्या वेळी साथ होती’ असं सुरू होई आणि तिचं तिलाच ते नकोसं होई.

केंद्र म्हणजे पत्र्याच्या गाळ्यात दोन खोल्या. ओट्यावर, लिंबाखाली, भिंतीच्या सावलीला माणसं बसली होती. हरिओम आपल्या बायकोला, आकांक्षाला, टॉवेलने वारा घालत होता. शरयू आली तशी सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

आत बद्रीनाथ टेबलाशी उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता.

“तुम्ही म्हणल्या तसं एक बी कागद दिला न्हाई,” तो हळू आवाजात म्हणाला. “पण एक गेला. त्येंनी घेतला.”

कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक सडपातळ बाई बसली होती. झाडू भिंतीला टेकवलेला. मांडीवर कागद, आणि त्यावर दोन्ही हात सपाट ठेवलेले, वाऱ्याने उडू नये म्हणून ठेवावेत तसे. पंखा बंद होता.

“चवथीपर्यंत शिकेल हायेत त्या,” बद्रीनाथ म्हणाला. “नाव वाचता येतं. ह्या कम्प्युटरात त्येंच्या मालकाचं नाव कुठंच न्हाई ताई. म्या समदं हुडकलं. तरी बराबर नावानिशी निघाला. सगळ्यात पयला.”

शरयूने गठ्ठा घेतला आणि यादीला लावला. आकांक्षा हरिओम, तिचाच कागद, तिच्याच प्लेटलेट्स. दुसरा, बरोबर. तिसरा, बरोबर. एकतीसही कागद आपापल्या नावावर होते, एकही सरकला नव्हता. हे कसं झालं, ते तिला सांगता आलं नसतं. तिने स्वतः लिहिलेल्या प्रोग्राममध्ये हे होऊ शकत नव्हतं. भर दुपारच्या त्या पत्र्याखाली तिच्या अंगावर काटा आला.

तिने गठ्ठा टेबलावर ठेवला आणि झुंबरबाईसमोर जाऊन जमिनीवर बसली.

“वाचा,” झुंबरबाई म्हणाली आणि कागद पुढे केला. “नाव वाचलं म्या. आकडे न्हाई कळत.”

शरयूने वाचलं. रखमाजी साबळे, वय सत्तेचाळीस. रक्त घेतल्याची तारीख, सात वर्षांपूर्वीची. क्रिएटिनिन नऊ पूर्णांक दोन.

“किती पाह्यजे आसतं?”

“एकच्या आसपास.”

झुंबरबाईने कागदावरच्या त्या आकड्यावर बोट ठेवलं.

“तेव्हा तुम्हाला मिळाला तो कागद त्यांचा नव्हता,” शरयू म्हणाली. जुळवलेलं एकही वाक्य तिला आठवेना. “दुसऱ्या माणसाचा होता. माझ्या चुकीने त्यांच्या नावावर आला. खरा हा आहे. ते गेल्यावर मला कळलं, आणि मी कुणाला सांगितलं नाही. सात वर्षं.”

बद्रीनाथने मान खाली घातली. बाहेर कुणीतरी खोकलं.

“कागद चांगला आल्ता,” झुंबरबाई म्हणाली. ती शरयूशी बोलत होती असं नाही. “पाय सुजायचे त्येंचे. पडून ऱ्हायचे. म्या म्हणलं, कागदात तर काईच न्हाई, मंग निजून काय राह्यले? आळस हाये निस्ता. उठवून रानात पाठवायचे म्या. दोन म्हयने पाठवलं. एक दिवस म्हणले, झुंबर, आज न्हाई हुणार. तरी पाठवलं.”

शरयूला रडू फुटलं. तिने ते आवरायचा प्रयत्नही केला नाही.

“म्या मलाच धरून व्हते येवढे दिवस,” झुंबरबाई म्हणाली. “रोज.”

“चूक माझी होती. डॉक्टरांना मी आज सांगणार आहे. तुम्ही जे म्हणाल ते—”

“तुमाला धरायचं का न्हाई, ते मंग बघीन. आज न्हाई मला सांगता यायचं.”

ती उठली. कागदाची तिने घडी घातली, ती पुन्हा उघडली आणि नीट दुमडून परत घातली. टेबलावर रिपोर्ट मिळाल्याच्या सहीची वही होती. ती तिने आपणच ओढून घेतली, आजच्या तारखेखाली पहिल्या ओळीत रखमाजी साबळे असं लिहिलं, आणि त्याच्यापुढे आपलं नाव. एकेक अक्षर काढायला तिला वेळ लागत होता. कुणी घाई केली नाही.

मग तिने ती खुर्ची उचलून टेबलाशी आणून ठेवली आणि शरयूला तिच्यावर बसायची खूण केली.

“द्या आता त्येंचे त्येंला,” ती म्हणाली. “मागं लई येळचे थांबलेत.”

शरयूने तोंड पुसलं, वरचा कागद उचलला आणि आकांक्षाचं नाव पुकारलं.